परदेशात चार्जर, प्लग आणि अडॅप्टर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न बहुतेक वेळा निघायच्या आदल्या रात्री येतात. व्हिसा झालेला असतो, विमा झालेला असतो, बॅगेचं वजनही करून झालेलं असतं, आणि मग कुणाला तरी आठवतं की चार्जरचं काय. तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा आले म्हणून एका जागी ठेवले आहेत. फक्त मोबाइल आणि लॅपटॉप नेणार असाल तर १, २, ४ आणि ६ वाचून बॅग बंद करा. केस वाळवायचं, पाणी तापवायचं किंवा औषधोपचाराचं काही नेणार असाल तर पुढेही वाचा.

१. अडॅप्टर घेतला की सगळं चालतं ना?

अडॅप्टर फक्त पिनांचा आकार बदलतो. भिंतीतून जेवढे व्होल्ट येतात तेवढेच त्यातून पलीकडे जातात. त्यामुळे दोन गोष्टी वेगवेगळ्या तपासाव्या लागतात : प्लग सॉकेटमध्ये बसतो का, आणि तिथलं व्होल्टेज तुमच्या उपकरणाला झेपतं का. पहिल्याचं उत्तर चुकलं तर फार तर प्लग बसणार नाही. दुसऱ्याचं चुकलं तर उपकरण जळतं. लोक मात्र सगळी काळजी पहिल्याचीच करतात, कारण ते डोळ्यांना दिसतं.

२. माझं उपकरण तिथल्या व्होल्टेजवर चालेल की नाही, हे कसं ओळखायचं?

त्याच्या अंगावर लिहिलेलं असतं. चार्जर उलटा करा. पिनांच्या बाजूला किंवा पोटाखाली करड्यावर करडं, मुंगीएवढ्या अक्षरांत काहीतरी छापलेलं दिसेल. ते वाचता येत नसेल तर मोबाइलने फोटो काढा आणि मोठा करून बघा. मी स्वतः आता तसंच करतो. त्यात ‘इनपुट’ या शब्दापुढची ओळ शोधा.

तिथे ‘१००–२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ’ असं असेल तर तो चार्जर जगात कुठेही चालतो. त्याला फक्त पिना जुळवणारा अडॅप्टर लागेल. मोबाइल, लॅपटॉप, टॅबलेट आणि कॅमेऱ्याच्या बॅटरीचे बहुतेक चार्जर याच जातीचे असतात. आत येईल ती वीज स्वतःच्या गरजेप्रमाणे बदलून घेणारं सर्किट त्यांत असतं.

‘२२०–२४० व्होल्ट’ किंवा ‘१२० व्होल्ट’ असा एकच आकडा किंवा एवढीच अरुंद मर्यादा असेल तर ते उपकरण एकाच गटातल्या देशांपुरतं आहे (गट प्रश्न ३ मध्ये). ‘११०/२२०’ असं तिरकी रेघ मारून लिहिलं असेल तर कुठेतरी छोटा खटका असतो आणि तो हाताने फिरवावा लागतो. हा खटका विसरल्याने काय होतं ते प्रश्न ७ मध्ये आहे.

एक घोळ नेहमी होतो. त्याच लेबलवर खाली ‘आउटपुट ५ व्होल्ट’ किंवा ‘२० व्होल्ट’ असंही छापलेलं असतं. तो आकडा चार्जर फोनला किंवा लॅपटॉपला काय देतो याचा. भिंतीशी त्याचा संबंध नाही.

३. कुठल्या देशात किती व्होल्टेज असतं?

ढोबळ मानाने जग दोन गटांत विभागलेलं आहे. १०० ते १२७ व्होल्टच्या गटात अमेरिका, कॅनडा, मेक्सिको, मध्य अमेरिकेचा बराचसा भाग, कोलंबिया, तैवान आणि जपान येतात. जपानचं १०० व्होल्ट हे सगळ्यांत कमी. २२० ते २४० व्होल्टच्या गटात जवळजवळ सगळा युरोप, आफ्रिकेचा बहुतेक भाग, भारत, चीन, आग्नेय आशिया, आखाती देश, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड.

एकाच गटातल्या देशांमध्ये फिरत असाल तर व्होल्टेज डोक्यातून काढून टाका. २२० आणि २४० मधला फरक उपकरणाच्या हिशेबात धरलेला असतो. दक्षिण कोरिया एके काळी ११० व्होल्टवाला होता. १९७३ मध्ये सुरू झालेलं तिथलं २२० व्होल्टचं काम २००५ मध्ये पूर्ण झालं, त्यामुळे जुन्या माहितीवर विसंबू नका. एकाच देशात दोन्ही व्होल्टेज असण्याचा प्रकारही आहे, तो प्रश्न २० मध्ये.

४. ‘सी टाइप’, ‘जी टाइप’ म्हणजे काय? मला कुठला लागेल?

प्लगच्या आकारांना ‘ए’पासून ‘ओ’पर्यंत अक्षरं दिलेली आहेत. एकूण पंधरा. सगळी पाठ करायची गरज नाही. प्रवासात पुन्हा पुन्हा भेटणारे पाच-सहाच आहेत.

‘ए’ म्हणजे दोन चपट्या समांतर पट्ट्या, आणि ‘बी’ म्हणजे त्याच पट्ट्यांखाली अर्थिंगची एक गोल पिन. अमेरिका, कॅनडा, मेक्सिको, तैवान आणि जपानमध्ये हे दोन. जपानमध्ये मात्र ‘ए’चंच राज्य आहे आणि तिसरं भोक बऱ्याच ठिकाणी नसतं.

‘सी’ म्हणजे दोन बारीक गोल पिना, अर्थिंग नाही. हा युरोपातला सगळ्यात मिसळून जाणारा प्लग, ब्रिटन-आयर्लंडसारखे अपवाद सोडले तर जवळजवळ सगळीकडे बसतो. तो २.५ अँपियरपुरताच असतो, म्हणून चार्जरला उत्तम आणि केटलला अजिबात नाही. जड कामाला ‘एफ’ (जर्मनी, नेदरलँड्स, स्पेन, ऑस्ट्रिया) आणि ‘ई’ (फ्रान्स, बेल्जियम, पोलंड, चेकिया). ‘एफ’च्या सॉकेटमध्ये अर्थिंगच्या पट्ट्या कडेला असतात, तर ‘ई’मध्ये अर्थिंगची पिन सॉकेटमधूनच बाहेर आलेली दिसते. हल्लीचे बरेच प्लग दोन्हींत बसतील असेच बनवलेले असतात.

‘जी’ म्हणजे तीन जाड आयताकृती पिना आणि प्लगच्या पोटात फ्यूज. ब्रिटन, आयर्लंड, सिंगापूर, मलेशिया, हाँगकाँग, संयुक्त अरब अमिराती, सौदी अरेबिया.

‘आय’ म्हणजे दोन तिरक्या पट्ट्या, छपरासारख्या एकमेकींकडे कललेल्या, आणि खाली तिसरी सरळ. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, अर्जेंटिना आणि चीन. चीनमध्ये ‘ए’ आणि ‘सी’च्या दोन पिनाही चालतात.

‘डी’ म्हणजे त्रिकोणातल्या तीन गोल पिना, भारत आणि नेपाळमधल्या. त्याचाच दांडगा भाऊ ‘एम’, दक्षिण आफ्रिकेत. श्रीलंकेत जुन्या इमारतींत ‘डी’ आणि नव्यांत ‘जी’ दिसतो. उरलेल्यांपैकी ‘एच’ इस्राएलचा, ‘जे’ स्वित्झर्लंडचा, ‘के’ डेन्मार्कचा, ‘एल’ इटलीचा, ‘एन’ ब्राझीलचा आणि ‘ओ’ थायलंडचा.

५. ‘दीडशे देशांत चालतो’ असा युनिव्हर्सल अडॅप्टर घेऊ, की त्या त्या देशाचा साधा?

एकाच देशात जाणार असाल तर साधा. स्वस्त, हलका, आणि त्यात सरकणारे भाग नसल्यामुळे बिघडायला काही नाही. तीन-चार देश असतील तर युनिव्हर्सल घ्या, पण त्याच्या खोड्या माहीत करून घ्या.

पहिली खोड वजनाची. तो चौकोनी ठोकळा आणि त्यावर लटकणारा लॅपटॉपचा चार्जर असं सगळं मिळून जपान-अमेरिकेच्या दोन पट्ट्यांच्या सॉकेटमधून हळूहळू बाहेर झुकतं, आणि सकाळी उठून बघावं तर फोन अकरा टक्क्यांवर. दुसरी आकाराची. युरोपातलं ‘एफ’ सॉकेट वाटीसारखं खोल असतं आणि ठोकळ्याच्या चौकोनी कडा वाटीत शिरत नाहीत. तिसरी सगळ्यात महत्त्वाची आहे : बऱ्याच युनिव्हर्सल अडॅप्टरमध्ये तीन पिनांचा प्लग आत बसतो खरा, पण अर्थिंग पलीकडे जोडलेलंच नसतं. डब्यावर ‘अर्थिंगसह’ असं स्पष्ट लिहिलेलं नसेल तर नाही असंच समजा. हे कधी चालतं आणि कधी नाही, ते प्रश्न ११ मध्ये.

अँपियरचा आकडाही बघा. ६ अँपियरचा अडॅप्टर २३० व्होल्टवर १३८० वॉट पेलतो, पण १२० व्होल्टवर तोच ७२० वॉटला थकतो.

६. सगळ्या वस्तू यूएसबीवर चार्ज होतात. मग अडॅप्टर लागेल का?

एक लागेल, एकच. यूएसबीच्या तोंडातून बाहेर पडणारी वीज जगभर सारखीच असते, म्हणून दोन-तीन यूएसबी तोंडं असलेला ६५ वॉटचा चार्जर आणि एक साधा अडॅप्टर एवढ्यात फोन, घड्याळ, इअरफोन आणि बरेचसे लॅपटॉपही भागतात. युरोपियन युनियनमध्ये २८ डिसेंबर २०२४ पासून विकायला येणाऱ्या नव्या फोन-टॅबलेटना यूएसबी-सी सक्तीचं झालं आहे. त्यामुळे केबल हरवली तर तिकडे दुसरी मिळणं आता अवघड राहिलेलं नाही.

हॉटेलच्या दिव्यात किंवा पलंगाच्या कडेला बसवलेल्या यूएसबी तोंडांच्या भरवशावर राहू नका. ती बहुधा जुनी आणि मंद असतात, रात्रभरात फोन जेमतेम भरतो.

७. हेअर ड्रायर किंवा स्ट्रेटनर नेऊ का?

या प्रश्नाचं उत्तर मी आता ‘नेऊ नका’ असंच देतो, आणि तरी लोक नेतात. म्हणून कारण सांगतो.

तारेचं वेटोळं तापवून चालणाऱ्या वस्तूला किती वीज लागते ते व्होल्टेजच्या वर्गावर ठरतं. व्होल्टेज दुप्पट झालं तर उष्णता चौपट होते. १२० व्होल्टसाठी बनवलेला १००० वॉटचा ड्रायर २४० व्होल्टवर लावला की तो ४००० वॉटचा व्हायला बघतो. मी हे एकदा शेजारी उभं राहून पाहिलं आहे. एका नातेवाईक बाईंनी अमेरिकेतून आणलेला ड्रायर युरोपातल्या हॉटेलात लावला. पहिल्यांदा पंख्याचा आवाज नेहमीपेक्षा चढा आला, मग जाळीच्या आत वेटोळं नारिंगीचं पांढरट झालं, मग जळक्या केसांचा आणि प्लास्टिकचा मिसळलेला वास, आणि फट् करून खोलीतले दिवे गेले. एवढं व्हायला चार सेकंदही लागले नसतील. त्यांच्या हातात अडॅप्टर होता आणि तो अगदी बरोबर ‘एफ’ टाइपचा होता.

उलट दिशेने गेलात तर काही जळत नाही, पण उपयोगही होत नाही. २३० व्होल्टचा ड्रायर १२० वर चालवला तर त्याची ताकद चौथ्या हिश्शाच्या आसपास उरते, म्हणजे कोमट फुंकर.

प्रवासासाठीचे दोन्ही व्होल्टेजचे ड्रायर मिळतात. त्यांच्या मुठीवर नाण्याने फिरवायचा खटका असतो. जाताना तो १२५ वर करणं लोकांच्या लक्षात राहतं, परत आल्यावर २५० वर करणं राहत नाही. घरी परतल्यावर पहिल्याच दिवशी ड्रायर जळाल्याच्या तक्रारी याच खटक्याच्या असतात. स्ट्रेटनरमध्ये मात्र १००–२४० व्होल्टचे बरेच मिळतात, लेबल वाचून खुशाल न्या.

८. कन्व्हर्टर आणि ट्रान्सफॉर्मर एकच का?

दोन्ही व्होल्टेज बदलतात आणि दुकानदार दोन्ही शब्द एकाच वस्तूला वापरतात, पण वस्तू दोन आहेत. तळहातावर मावणारा, हलका आणि तरीही ‘१६०० वॉट’ लिहिलेला कन्व्हर्टर हा विजेची लाट मधूनमधून कापून सरासरी कमी करतो. इस्त्री, ड्रायर अशा केवळ तापणाऱ्या वस्तूंना ती कापलेली लाट चालते. इलेक्ट्रॉनिक सर्किट असलेल्या कशालाही चालत नाही. चार्जर, घड्याळ असलेली उपकरणं, डिजिटल तापमानाचे स्ट्रेटनर त्याने बिघडतात.

ट्रान्सफॉर्मर म्हणजे लोखंडी गाभ्यावर गुंडाळलेली तांब्याची तार. तो सगळ्यांना चालतो, फक्त जड असतो. ५० वॉटचा खिशात मावेल, १५०० वॉटचा कित्येक किलोंचा. उपकरणाच्या वॉटपेक्षा निदान पाव हिस्सा जास्त क्षमतेचा घ्या. काही दिवसांच्या सहलीला तो वाहून नेण्यात अर्थ नाही. वर्षभर राहायला जात असाल आणि एखादं महागडं उपकरण सोडवतच नसेल, तरच विचार करा.

९. केटल, राइस कुकर, इंडक्शन शेगडी?

गट बदलत नसेल तर चालतील, पण १० किंवा १३ अँपियरचा, अर्थिंग असलेला दणकट अडॅप्टर हवा. दोन बारीक पिनांचा ‘सी’ नको. गट बदलत असेल तर राहू द्या. २००० वॉटची २३० व्होल्टची केटल लिटरभर पाणी तीनेक मिनिटांत उकळवते. तीच जपानच्या १०० व्होल्टवर ३८० वॉटच्या आसपास उरते आणि पंधरा मिनिटांच्या वर घेते. इंडक्शन शेगडी तर बहुधा सुरूच होत नाही, चुकीचं व्होल्टेज दिसलं की पडद्यावर एररचा आकडा दाखवून थांबते. शिवाय बऱ्याच हॉटेलांत खोलीत स्वयंपाकाचं उपकरण लावायला बंदी असते, ते आधी बघा.

१०. ५० हर्ट्झ आणि ६० हर्ट्झचा फरक पडतो का?

चार्जरला नाही. हा आकडा विजेच्या लाटेचा सेकंदातला ठेका आहे आणि तो कुठलाही अडॅप्टर किंवा साधा ट्रान्सफॉर्मर बदलत नाही. फरक पडतो तो विजेच्या ठेक्यावर चालणाऱ्या मोटरींना. ६० हर्ट्झचं भिंतीत खोचायचं जुनं घड्याळ ५० हर्ट्झवर तासाला दहा मिनिटं मागे पडतं. टर्नटेबल, काही पंखे, मायक्रोवेव्ह यांचंही बिनसतं.

जपान हा यातला मजेशीर देश. १८९० च्या दशकात टोकियोने जर्मन जनित्रं घेतली आणि ओसाकाने अमेरिकन. तेव्हापासून पूर्व जपान ५० हर्ट्झवर आणि पश्चिम जपान ६० वर आहे. तुमच्या फोनला याचा पत्ताही लागत नाही.

११. माझ्या लॅपटॉपचा प्लग तीन पिनांचा आहे आणि सॉकेट दोन भोकांचं. दोन पिनांच्या अडॅप्टरवर चालवलं तर लॅपटॉपला हात लावल्यावर झिणझिण्या येतात. धोका आहे का?

तुमचा चार्जर आणि त्याची वायर धड असेल तर धोका नाही, पण भ्रमही नाही. झिणझिण्या खऱ्या असतात.

चार्जरच्या आत विजेचा गोंगाट गाळण्यासाठी एक छोटा कपॅसिटर भिंतीकडची बाजू आणि लॅपटॉपकडची बाजू यांच्यामध्ये बसवलेला असतो. त्यातून अगदी थोडी, मिलीअँपियरच्या अंशाएवढी वीज झिरपते. अर्थिंग असेल तर ती तिकडून निघून जाते. अर्थिंग नसेल तर लॅपटॉपच्या धातूच्या अंगावर साचून राहते आणि मनगटाचा आतला भाग हलकेच त्यावरून फिरवला की खरखरीत कागदावरून हात फिरवल्यासारखं वाटतं. अनवाणी पायाने गार फरशीवर बसलात तर जास्त जाणवतं, पायात चप्पल घातली की कमी होतं. अर्थिंगवालं सॉकेट मिळालं की बंद.

हे त्या कपॅसिटरपुरतं झालं. स्पष्ट झटका बसत असेल, चार्जर तडकलेला असेल किंवा वायर सोललेली असेल तर लगेच काढा.

आणि ही सवलत लॅपटॉपच्या चार्जरची आहे, सगळ्या तीन पिनांची नाही. इस्त्री, केटल, धातूच्या अंगाची शेगडी यांत अर्थिंग तोडणारा अडॅप्टर कधीही वापरू नका. आतली तार सुटून अंगाला लागली तर तिथे जीव वाचवणारी एकच गोष्ट म्हणजे ती तिसरी पिन. एखाद्या वस्तूला मुळातच अर्थिंगची गरज आहे का, हे ओळखायची खूण सोपी आहे : लेबलवर चौकोनात चौकोन काढलेला असेल तर ती डबल इन्सुलेटेड आहे आणि दोन पिनांवर निर्धास्त चालते.

१२. अडॅप्टर टाळायचा दुसरा काही मार्ग?

आहे, आणि मला तोच जास्त आवडतो. लॅपटॉपच्या चार्जरची भिंतीकडची वायर बहुधा वेगळी निघते. तिचं चार्जरमध्ये जाणारं टोक तीन गोल पाकळ्यांचं किंवा इंग्रजी आठच्या आकाराचं असतं, आणि ही टोकं जगभर सारखीच आहेत. तिथे पोचल्यावर स्थानिक प्लगची तशी वायर घ्यायची आणि जुनी बॅगेत टाकायची. ठोकळा लटकत नाही, पिना घट्ट बसतात, तीन पाकळ्यांच्या वायरीत अर्थिंगही शाबूत राहतं. एकाच देशात महिना-दोन महिने राहणार असाल तर नक्की करा. पण चार्जरचं लेबल (प्रश्न २) तपासणं यातही सुटत नाही.

१३. ब्रिटिश सॉकेटमध्ये वरच्या भोकात पेन घातलं की दोन पिना आत जातात असं ऐकलंय. खरं का?

जातात. म्हणूनच करू नका. ‘जी’ सॉकेटच्या खालच्या दोन भोकांवर झाकणं असतात आणि अर्थिंगची लांब पिन आधी आत गेली की ती उघडतात. लहान मुलांनी तारा खुपसू नयेत म्हणून केलेली ही सोय आहे. पेन घालून तुम्ही तीच फसवता, शिवाय गोल पिना त्या चौकोनी भोकांत सैल बसतात, ठिणग्या उडतात आणि पुढच्या माणसासाठी सॉकेटची पकड ढिली होते. रोज करून काही झालं नाही असं सांगणारे भेटतात. त्यांनी बहुतेक फक्त फोन चार्ज केलेला असतो.

‘डी’ सॉकेटमध्ये युरोपियन ‘सी’ प्लग खुपसण्याचंही असंच आहे. ४ मिलिमीटरची पिन ५ मिलिमीटरच्या पिनेसाठीच्या भोकात डुगडुगते. प्लग हाताला गरम लागला तर काढून ठेवा.

१४. एक अडॅप्टर आणि घरचा एक्स्टेन्शन बोर्ड नेला तर चार वस्तू एकदम चार्ज होतील ना?

होतील, आणि कुटुंब असेल तर ही चांगली युक्ती आहे. तीन पथ्यं पाळा. बोर्डावर फक्त चार्जर लावा, तापणारं काही नाही. अर्थिंग जाणारा अडॅप्टर वापरा. आणि १२० व्होल्टच्या देशातला सर्ज प्रोटेक्टर असलेला बोर्ड २३० व्होल्टवर नेऊ नका. १२० पेक्षा फार जास्त व्होल्टेज आलं की ते अडवणं हेच त्यातल्या भागाचं काम, तो २३० ला संकट समजतो आणि स्वतः जळतो. जहाजावर जाणार असाल तर प्रश्न १८ पाहा.

१५. बाथरूममध्ये आरशाजवळ दोन भोकांचं सॉकेट आहे, त्यात फोन लावू का?

त्यावर शेव्हरचं चित्र असेल तर ते दाढीच्या यंत्रापुरतं आणि टूथब्रशच्या चार्जरपुरतं. आत छोटा ट्रान्सफॉर्मर असतो, त्यातून २० ते ५० वॉटच्या आसपासच वीज मिळते. ड्रायर लावलात तर आतलं संरक्षण वीज तोडेल. त्यावर ११५ आणि २३० अशी दोन वेगळी भोकंही असतात, आपलं कुठलं ते बघून लावा.

१६. दिवसभर हॉटेलात चार्जिंगला लावून गेलो, परत आलो तर बॅटरी होती तेवढीच. अडॅप्टर खराब आहे का?

बहुधा नाही. दाराजवळच्या खाचेत खोलीचं कार्ड घालावं लागत असेल तर तुम्ही कार्ड काढून बाहेर पडलात त्या क्षणी सॉकेटची वीज गेली. फ्रिजचं सॉकेट बहुतेक वेळा चालू राहतं. तिथे लावा, किंवा रिसेप्शनवर जास्तीचं कार्ड मागा. दुसरी शक्यता बटणाची : ब्रिटिश आणि ऑस्ट्रेलियन सॉकेटला बटण असतं, युरोप-अमेरिकेच्या सॉकेटला नसतं. युरोपात आठवडाभर राहून लंडनला आलेला माणूस बटण दाबायला हमखास विसरतो. मी विसरलो आहे.

१७. पॉवर बँक कुठे ठेवायची? किती मोठी चालते?

केबिन बॅगेत. चेक-इन सामानात सुट्या लिथियम बॅटरीला बंदी आहे. मर्यादा वॉट-अवरमध्ये असते : १०० पर्यंत परवानगीशिवाय, १०० ते १६० विमान कंपनीच्या परवानगीने आणि जास्तीत जास्त दोन, त्यापुढे नाही. हिशेब असा करा : मिलीअँपियर-अवरला १००० ने भागा आणि ३.७ ने गुणा. २०,००० ची पॉवर बँक ७४ वॉट-अवर होते आणि २७,००० ची १०० च्या काठावर. अंगावरचा आकडा पुसट झाला असेल तर सुरक्षा तपासणीत ती काढून घेतात, वाद घालून उपयोग नाही.

चीनमध्ये अंतर्गत विमानप्रवास असेल तर २८ जून २०२५ पासून पॉवर बँकेवर तिथली ‘३सी’ ही सुरक्षा प्रमाणपत्राची खूण स्पष्ट दिसणं बंधनकारक आहे. विमानात पॉवर बँक वापरू न देणाऱ्या कंपन्याही आता आहेत, तिकिटासोबतच्या सूचना वाचा.

१८. विमानात आणि जहाजावर कोणतं सॉकेट असतं?

विमानाच्या सीटखाली बहुधा अनेक प्रकारच्या पिना घेणारं, ११० व्होल्टच्या आसपासचं सॉकेट असतं. वीज मोजकी मिळते. गेमिंग लॅपटॉपचा भलामोठा चार्जर लावला की हिरवा दिवा विझतो. लॅपटॉप आधी भरून घ्या किंवा लहान यूएसबी-सी चार्जर वापरा.

क्रूझवर अनेकदा अमेरिकन आणि युरोपियन अशी दोन्ही सॉकेट शेजारीशेजारी असतात. तिथे सर्ज प्रोटेक्टर असलेला बोर्ड नेऊ नका, चढतानाच जप्त होतो. यामागे खरं कारण आहे : जहाजावरची वायरिंग जमिनीवरच्या घरासारखी नसते, दोन्ही तारांत वीज असू शकते, आणि घरगुती सर्ज प्रोटेक्टर तिथे आग लावू शकतो. साध्या एक्स्टेन्शनलाही अनेक कंपन्या मनाई करतात.

१९. वडिलांचं सीपॅप मशीन (झोपेत हवेच्या दाबाने श्वासमार्ग उघडा ठेवणारं) आणि आईचा नेब्युलायझर न्यायचा आहे.

सीपॅपचे बहुतेक चार्जर १००–२४० व्होल्टचे असतात, तरी लेबल स्वतः वाचा. नेब्युलायझरचं तसं नाही. कंप्रेसरवाला टेबलावरचा नेब्युलायझर बहुधा एकाच व्होल्टेजचा आणि एकाच हर्ट्झचाही असतो, आणि इथे ‘चालतंय का बघू’ हा प्रयोग करायचा नाही. बॅटरीवर चालणारा जाळीचा नेब्युलायझर घ्या किंवा डॉक्टरांशी बोलून तिथे भाड्याने मिळतो का ते आधीच ठरवा. अडॅप्टर दोन न्या, एकाच दुकानातून घेतलेले नकोत. दोन्ही वस्तू केबिनमध्ये, डॉक्टरांच्या पत्रासह.

२०. प्लग तसाच्या तसा बसला, म्हणजे व्होल्टेजही जुळलं असं समजू का?

मुळीच नाही, आणि या यादीतला सगळ्यात फसवा प्रश्न हाच. फिलिपिन्समध्ये सॉकेट अमेरिकन धाटणीचं, दोन चपट्या पट्ट्यांचं, पण आत २२०–२३० व्होल्ट. थायलंड आणि व्हिएतनाममध्येही चपट्या पिना बसतात आणि व्होल्टेज दुप्पट असतं. अमेरिकेतून आलेला माणूस १२० व्होल्टचा ट्रिमर अडॅप्टरशिवाय लावू शकतो, आणि म्हणूनच जाळतो. अडॅप्टर लागला असता तर निदान एकदा थबकला असता.

ब्राझीलमध्ये तर शहरागणिक बदलतं. रिओत १२७ व्होल्ट, ब्राझिलियात २२०, सॉकेट मात्र एकाच आकाराचं. तिथे खोलीत गेल्यावर सॉकेटवरची चिकटपट्टी बघा किंवा विचारा.

२१. ‘युरोपचा अडॅप्टर’ घेतला तो स्वित्झर्लंडमध्ये बसत नाही. फसवलं का?

फसवलं नाही, अर्धंच सांगितलं. बाजारात युरोपचा म्हणून मिळणारा जाड गोल अडॅप्टर ‘ई/एफ’चा असतो. स्विस सॉकेट बारीक, षट्कोनी आणि खोलगट. त्यात दोन पिनांचा सपाट ‘सी’ जातो, जाड नाही. इटलीच्या जुन्या सॉकेटचं तसंच, भोकंच बारीक असतात. डेन्मार्कमध्ये जाड प्लग बसतो, पण अर्थिंग जुळत नाही (प्रश्न ११). म्हणून युरोपभर फिरणार असाल तर फोनसाठी एक सपाट ‘सी’ अडॅप्टर बॅगेत असूच द्या, त्याचं वजन काड्यापेटीएवढंही नसतं.

२२. चुकून जास्त व्होल्टेजवर लावलं आणि बंद पडलं. आता?

आधी भिंतीवरून प्लग काढा, उपकरणाच्या बटणाला हात लावत बसू नका. धूर किंवा वास आला असेल तर ते पुन्हा लावून बघायचं नाही, योग्य व्होल्टेजवरही नाही. आतलं इन्सुलेशन वितळलेलं असू शकतं. वास आला नसेल तर अडॅप्टरचा फ्यूज तपासा. चांगल्या युनिव्हर्सल अडॅप्टरमध्ये तो बदलता येतो आणि झाकणाखाली एक जादा ठेवलेला असतो. खोलीतली वीजच गेली असेल तर रिसेप्शनला खरं काय झालं ते सांगा. तिकडचा माणूस येऊन स्विच वर करतो आणि जातो, रोजचंच असतं त्याला.